चामखीळ, कॅन्सर आणि आपल्या घरातल्या मुली

कॅन्सर म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी बोलल्या जातात: लवकर कळला तर बरं, आणि नशीब. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरबाबत या दोन्हींच्या पुढे जाता येतं. आपल्या घरांतल्या बायका ज्याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात तो हाच. तो कशानं होतो हे माहीत आहे. तो होऊ नये म्हणून लस आहे. लस घ्यायचं वय उलटून गेलं असेल तर वेळेत पकडणारी चाचणी आहे. तरीही भारतात दरवर्षी सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांना तो होतो आणि जवळपास ऐंशी हजार स्त्रिया त्यात जातात.

हे सगळं ज्या माणसामुळे माहीत झालं त्यांचं नाव हाराल्ड त्सूर हाउझेन. जर्मन डॉक्टर, विषाणूंचे अभ्यासक, २००८चे नोबेल मानकरी. २०२३च्या मे महिन्यात वयाच्या ८७व्या वर्षी ते वारले. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर लिहितो. पण त्यांच्या कामाबद्दल वाचू लागलो तेव्हा ते मला ओळखीचं वाटलं, कारण ते मुळात शोधण्याचं काम होतं. असलेली गोष्ट सर्चमध्ये का येत नाही, या एका प्रश्नाच्या मागे हा माणूस दहा-बारा वर्षं होता.

त्यांचा जन्म १९३६चा, गेल्सेनकिर्शन या कोळशाच्या आणि कारखान्यांच्या गावातला. दुसऱ्या महायुद्धात त्या भागावर सतत बॉम्ब पडत होते आणि शाळा बंद असायच्या. पुढे त्यांनी वैद्यकीचं शिक्षण घेतलं, पण दवाखाना न थाटता प्रयोगशाळेचा रस्ता धरला. त्या काळात संसर्ग आणि कॅन्सर ही दोन वेगळी खाती होती. संसर्ग बाहेरून येतो, कॅन्सर आतून उगवतो, असा समज पक्का होता. अमेरिकेतल्या पेटन राउस यांनी १९११ सालीच दाखवलं होतं की कोंबड्यांमधली एक गाठ विषाणूमुळे होते. त्यांना नोबेल मिळालं १९६६ साली, म्हणजे ५५ वर्षांनी. यावरून या कल्पनेला किती किंमत होती ते कळतं.

साठच्या दशकात त्सूर हाउझेन फिलाडेल्फियात वेर्नर आणि गेरट्रूड हेन्ले या दांपत्याच्या प्रयोगशाळेत काम करत होते. तिथे एपस्टाइन-बार विषाणूवर संशोधन चालू होतं. आफ्रिकेतल्या लहान मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका कॅन्सरच्या गाठींमध्ये हा विषाणू सापडला होता. जर्मनीला परतल्यावर, १९७०मध्ये, त्यांनी त्या गाठींच्या पेशींमध्ये विषाणूचा डीएनए असल्याचं दाखवलं. ज्या पेशीत विषाणूचा एकही कण दिसत नाही तिथेही त्याचा डीएनए असू शकतो, हा यातला महत्त्वाचा भाग. आमच्या भाषेत सांगायचं तर फाइल डिलीट झालेली दिसते, पण तिचा कोड मुख्य प्रोग्रॅममध्ये मिसळून चालू राहिलेला असतो. फाइलचं नाव टाकून शोधलंत तर काहीच मिळणार नाही.

हाच विचार घेऊन ते गर्भाशयमुखाच्या कॅन्सरकडे वळले. हा आजार संसर्गासारखा वागतो ही शंका जुनी होती. इटलीतल्या वेरोना शहराच्या मृत्यूच्या नोंदी तपासून रिगोनी-स्टर्न नावाच्या डॉक्टरनं १८४२ सालीच लिहून ठेवलं होतं की हा कॅन्सर विवाहित बायकांमध्ये दिसतो, मठातल्या ब्रह्मचारी जोगिणींमध्ये जवळपास नाही. म्हणजे लैंगिक संबंधांतून काहीतरी पसरत असावं. सत्तरच्या दशकात सगळ्यांचा संशय हर्पिसच्या एका विषाणूवर होता. त्सूर हाउझेन यांनी गाठींमध्ये त्याचा डीएनए शोधला. तो मिळेना. फ्लोरिडातल्या एका परिषदेत त्यांनी हे मांडलं तेव्हा दुसऱ्या एका गटानं आपल्याला तो सापडल्याचं सांगितलं, आणि सभागृह त्या दुसऱ्या गटाच्या बाजूनं होतं.

त्यांचा स्वतःचा संशय चामखिळीच्या विषाणूवर होता. जुन्या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांनी वाचलं होतं की जननेंद्रियांवरच्या चामखिळींचं क्वचित कॅन्सरमध्ये रूपांतर होतं. चामखीळ! हातापायावर उगवते, मुलं दोरा बांधून ती पाडायला बघतात, डॉक्टर फारसं लक्ष देत नाहीत. तिच्या विषाणूचा कॅन्सरशी संबंध असेल असं कोणाला वाटणार? शिवाय हा विषाणू काचेच्या बशीत वाढवता येत नव्हता. माणसांच्या अंगावरून काढलेल्या चामखिळी गोळा करायच्या आणि त्यातून जेमतेम कामापुरता डीएनए काढायचा, एवढाच मार्ग होता.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. पायाच्या तळव्याच्या चामखिळीतला डीएनए घेऊन त्यांनी कॅन्सरच्या गाठींमध्ये त्याची जुळणी शोधली. उत्तर शून्य. दुसरा कोणी असता तर तर्क चुकला म्हणून सोडून दिला असता. त्यांच्या गटानं असा विचार केला की चामखिळीचा विषाणू एकच नसेल, त्याचं कुटुंब असेल, आणि आपण त्यातल्या चुकीच्या भावाचं नाव टाकून शोधतोय. मग जननेंद्रियांवरच्या चामखिळींमधून एक प्रकार वेगळा केला, त्याला सहा नंबर दिला. या कामात एथेल-मिशेल द व्हिलिए या दक्षिण आफ्रिकेच्या संशोधिका होत्या, ज्या पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. सहा नंबरही कॅन्सरमध्ये सापडला नाही. मग घशातल्या गाठींमधून अकरा नंबर मिळाला. या वेळी जुळणीच्या अटी मुद्दाम सैल ठेवल्या: तंतोतंत सारखं नको, थोडंफार सारखं असलं तरी दाखव. आणि कॅन्सरच्या नमुन्यांत पुसटशा रेषा उमटल्या. शोधलेला प्रकार तो नव्हता, पण त्याचा कोणीतरी नातेवाईक तिथे होता.

त्या पुसट रेषांच्या मागे जाऊन १९८३मध्ये १६ नंबरचा आणि १९८४मध्ये १८ नंबरचा एचपीव्ही हाती लागला. हे माथियास ड्युर्स्ट, लुट्स गिसमान, मिशाएल बोशार्ट अशा तरुण सहकाऱ्यांचं काम. हे दोन प्रकार मिळून जगातल्या या कॅन्सरच्या सुमारे सत्तर टक्के रुग्णांना जबाबदार आहेत. पुढे यंत्रणाही कळली. विषाणूची दोन जनुकं, ई६ आणि ई७, पेशीचे दोन मोठे ब्रेक निकामी करतात. पेशीला थांबायचं कळत नाही, ती वाढत राहते.

प्रयोगशाळांमध्ये १९५१पासून जगभर वाढवल्या जाणाऱ्या हेला पेशींमध्येही १८ नंबरचा विषाणू निघाला. या पेशी हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय बाईच्या. ३१ वर्षांच्या वयात याच कॅन्सरनं ती गेली आणि तिच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. तीस वर्षं शास्त्रज्ञ त्या पेशींवर रोज काम करत होते आणि तिला मारणारा विषाणू त्यातच बसलेला होता.

शोध लागल्यावर त्सूर हाउझेन लस बनवा म्हणून औषध कंपन्यांकडे गेले. उत्तर मिळालं की बाजारपेठ दिसत नाही. पहिली लस २००६ साली आली. ऑस्ट्रेलियात इयन फ्रेझर आणि मूळचे चीनचे जियान झोऊ यांनी, आणि अमेरिकेत डग्लस लोई आणि जॉन शिलर यांनी विषाणूचं रिकामं कवच तयार करायची युक्ती शोधली. कवच विषाणूसारखं दिसतं, आत डीएनए नाही, त्यामुळे संसर्ग होण्याचा प्रश्नच नाही. झोऊ मात्र लस बाजारात येण्याआधीच, १९९९मध्ये, वारले.

लसीचा परिणाम आता आकड्यांत दिसतो. स्कॉटलंडमध्ये १२-१३व्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींमध्ये या कॅन्सरचा एकही रुग्ण सापडला नाही, असा अहवाल २०२४च्या सुरुवातीला आला. स्वीडनमध्ये १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्यांमध्ये प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी झालं.

आता आपल्याकडे येऊ. आमच्या आपानं मागे फोन करून विचारलं. तिची मुलगी दहा वर्षांची, डॉक्टरीणबाईंनी लस सुचवलेली, आणि घरात तिच्या सासूबाईंचा ठाम नकार. नकाराची कारणं तीन होती. नंतर मित्रांशी, ऑफिसातल्या लोकांशी बोललो तर सगळीकडे फिरून फिरून तीच तीन.

पहिलं कारण: ‘आमच्या मुली तशा नाहीत.’ हा विषाणू फार सर्वसामान्य आहे. लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या बहुतेक माणसांना तो कधी ना कधी गाठतो, आणि दहापैकी नऊ जणांच्या शरीरातून दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. ज्या थोड्या जणींमध्ये तो टिकून राहतो त्यांच्यात पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. निकाहापर्यंत कोणाचा हातही न धरलेल्या मुलीला तो नवऱ्याकडून येऊ शकतो, आणि नवऱ्याला आपल्या अंगात तो आहे याचा पत्ताही नसतो. मग चाळिशीत तिला कॅन्सर निघतो आणि नातेवाईक तिच्याच चारित्र्याची कुजबुज करतात. त्यातला अन्याय मला फार मोठा वाटतो. लस नऊ ते चौदा वयात द्यायची ती एवढ्यासाठीच की विषाणूशी गाठ पडायच्या आधी शरीर तयार असावं. गोवराची लस देताना आपण मुलाच्या चारित्र्याचा विचार करत नाही.

दुसरं कारण जरा हुशारीचं आहे: ‘आपल्यात सुन्नत होते, त्यामुळे हा आजार आपल्या बायकांना होत नाही.’ यात तथ्याचा अंश आहे, म्हणून ते नीट तपासायला हवं. भारतात मुस्लिम स्त्रियांमध्ये या कॅन्सरचं प्रमाण तुलनेनं कमी असल्याच्या नोंदी मुंबईतल्या जुन्या संशोधनापासून आहेत. युगांडातल्या मोठ्या चाचण्यांत सुन्नत झालेल्या पुरुषांमध्ये घातक एचपीव्हीचं प्रमाण साधारण एक तृतीयांशानं कमी आढळलं. एक तृतीयांशानं कमी, म्हणजे दोन तृतीयांश उरलंच. इंडोनेशियात बहुसंख्य मुस्लिम आहेत, सुन्नत सार्वत्रिक आहे, आणि तिथे दरवर्षी ३६ हजारांच्या आसपास स्त्रियांना हा कॅन्सर होतो. मलेशियानं २०१०पासून शाळेत मुलींना ही लस द्यायला सुरुवात केली. तिथल्या आयांना आपल्या मुलींची लाज वाटत नसेल असं थोडंच आहे.

तिसरं कारण सगळ्यात जास्त फिरणारं: ‘लसीनं मूल होत नाही, आपली लोकसंख्या कमी करायचा डाव आहे.’ पोलिओच्या थेंबांबद्दल हेच ऐकलं, गोवराबद्दलही. २०२२च्या अखेरीस गोवंडीत गोवर पसरला तेव्हा लस न घेतलेली लहान मुलं दगावली. एचपीव्ही लसीनं वंध्यत्व येतं याला जगभरात कोट्यवधी डोस दिल्यानंतरही पुरावा मिळालेला नाही. उलट या कॅन्सरवरच्या उपचारात अनेकदा गर्भाशयच काढावं लागतं. मूल होण्याची काळजी असेल तर लस घ्यायला हवी.

पण अविश्वासाला निव्वळ अडाणीपणा म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. या लसीच्या बाबतीत अविश्वासाचं एक खरं कारण आपल्याच देशात घडलेलं आहे. २००९-१०मध्ये एका परदेशी संस्थेनं आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत वीस हजारांवर मुलींना ही लस दिली. त्यात आदिवासी मुली बऱ्याच होत्या. सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे नसल्याचं निघालं. कोणी बुडाली होती, कोणाला साप चावला होता. पण हेही निघालं की अनेक संमतीपत्रांवर पालकांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. संसदेच्या समितीनं २०१३मध्ये यावर कडक ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होते. लस चांगली असली तरी आई-बापाला न विचारता मुलीच्या दंडात सुई खुपसायचा हक्क कोणाला मिळत नाही. हेन्रिएटा लॅक्सची गोष्ट इतक्या वर्षांनी आपल्याकडे पुन्हा घडली, असंच म्हणावं लागेल.

त्या वादामुळे सरकारनं २०१०मध्ये देशातल्या सगळ्या एचपीव्ही लसीच्या चाचण्या थांबवल्या. त्याच वेळी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेची एक वेगळी चाचणी भारतात चालू होती. बार्शी, पुणे आणि मुंबई ही तिच्या केंद्रांपैकी तीन. मुलींना दोन किंवा तीन डोस द्यायचे होते, पण बंदी आली आणि हजारो मुलींना एकच डोस मिळालेला राहिला. संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं की एका डोसनंही १६ आणि १८ नंबरच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळालं, दोन-तीन डोसांइतकंच. २०२१मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि २०२२च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही पुरेसा पर्याय मानला त्यामागे या अभ्यासाचा हात आहे. आज आफ्रिकेतल्या गरीब देशांना अर्ध्या खर्चात लस देता येते त्यात बार्शीच्या मुलींचाही वाटा आहे. बार्शीत तरी हे किती जणांना माहीत असेल कोणास ठाऊक.

बार्शीचं नाव याआधीही एकदा जगात पोचलं होतं. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयानं टाटा मेमोरियलबरोबर शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९पासून सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांची पाहणी केली. गावांचे गट पाडले. एका गटात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा. आठ वर्षांनी, आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले होते, चौथ्या गटात ६४. मुंबईतही टाटा मेमोरियलनं वस्त्यांमधल्या दीड लाख स्त्रियांवर असंच काम केलं. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून त्यांच्याकरवी व्हिनेगरची तपासणी केली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. जिथे आपल्यापैकी अनेकांची घरं आहेत तशाच या वस्त्या.

लसीचं म्हणाल तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३च्या जानेवारीपासून बाजारात आहे. सिक्कीमनं २०१८मध्येच सगळ्या शाळांतून मुलींना लस दिली आणि ९० टक्क्यांहून अधिक मुलींपर्यंत पोचलं. त्यांनी आधी शिक्षकांशी आणि पालकांशी बोलणं केलं, मग सुई हातात घेतली. आपल्या मोहल्ल्यांत हे बोलणं कोण करणार, हा माझा या अंकातला प्रश्न आहे. सरकारी पत्रकानं ते होत नाही. शेजारची नर्स झालेली मुलगी, फार्मसी शिकलेला चुलतभाऊ, मदरशातल्या शिक्षिका यांनी केलं तर होतं. त्यांच्या हातात बरोबर माहिती असणं एवढंच हवं.

त्सूर हाउझेन यांच्याबद्दल आणखी एक सांगून ठेवतो, कारण ते तुमच्या ग्रुपवर कधीतरी येईलच. शेवटच्या वर्षांत त्यांनी असा तर्क मांडला की युरोपीय वाणाच्या गाईंच्या दुधा-मांसातल्या काही घटकांचा आतड्याच्या आणि स्तनांच्या कॅन्सरशी संबंध असावा. तो सिद्ध झालेला नाही आणि अनेक तज्ज्ञांना पटलेलाही नाही. नोबेल विजेत्याचं नाव लावून कोणी त्याचं राजकारण करत असेल तर एवढंच विचारा की पुरावा कुठे आहे. चामखिळीच्या बाबतीत त्यांनी स्वतः तो दहा वर्षं राबून दिला होता.

त्यांचं दुसरं म्हणणं मात्र बरंच पुढे गेलं आहे. मुलग्यांनाही ही लस द्या, असा आग्रह ते अनेक वर्षं धरत होते. विषाणू पसरवण्यात पुरुषांचा वाटा मोठा असताना सगळा बंदोबस्त फक्त मुलींच्या शरीरावर का? घसा आणि गुदद्वाराचे काही कॅन्सर पुरुषांनाही याच विषाणूमुळे होतात. आज अनेक देशांत मुलग्यांना ती दिली जाते आणि आपल्याकडची लसही मुलग्यांसाठी मंजूर आहे. ज्या भावांना बहिणीच्या लसीबद्दल बोलायला संकोच वाटतो त्यांनी स्वतःच्या लसीपासून सुरुवात करावी.

आपाच्या घरी काय झालं? तिच्या सासूबाईंना मी काही समजावलं नाही. डॉक्टरीणबाईंनी त्यांनाच बोलावून घेतलं, अर्धा तास बोलल्या आणि जाता जाता त्यांची स्वतःची तपासणी करून घेतली. भाचीला लस मिळाली.

घरात तिशी ओलांडलेली अम्मी, खाला, भाभी असेल तर तिच्यासाठी लसीपेक्षा चाचणी महत्त्वाची आहे. एचपीव्हीची चाचणी पाच ते दहा वर्षांतून एकदा पुरते. तपासणीच्या टेबलावर जायला संकोच वाटत असेल तर स्वतःच काडीनं नमुना घेऊन देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केली आहे. सगळीकडे ती मिळेलच असं नाही, म्हणून जाण्याआधी दवाखान्यात फोन करून दोन गोष्टी विचारून घ्या: एचपीव्हीची चाचणी आहे का, आणि तपासायला बाई डॉक्टर कोणत्या दिवशी असतात.